किती घासायचं

जुनी मोटारसायकल उभी करायला घेतली की सगळ्यात जास्त फसवतं ते अ‍ॅल्युमिनियम. पत्रा गंजला तर गंज डोळ्यांना दिसतो, रंगाचे पोपडे हाताला लागतात, क्रोम सुटलं तर सांगावं लागत नाही. इंजिनाचं झाकण मात्र जिन्याखाली वीस वर्षं पडून काळं-पांढरं झालेलं असलं, तरी खिळ्याने एक रेघ ओढली की खालून लख्ख धातू डोकावतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच ना, बफला लावलं की झालं. आणि बफला लावलं की होतंही. संध्याकाळी गाडीवर चढवलेलं झाकण पाहून चार मित्र वाहवा करतात. सकाळी त्या झाकणावर असलेलं काय काय संध्याकाळी उरलं नाही, हे कुणी विचारत नाही.

रंग चढतो, क्रोम चढतं. पॉलिश फक्त उतरवतं. चमक हवी तर धातू द्यावा लागतो, आणि जुन्या गाडीपाशी द्यायला धातू मोजकाच असतो. या पुस्तकातलं कुठलंही प्रकरण उघडा, ते फिरून याच मुद्द्यावर येतं. कागद कुठला, चाक कुठलं, वडी कुठली हे सगळं पुढे सविस्तर आहेच. पण कशाला हात लावायचा नाही आणि कुठे थांबायचं हे ज्याचं ठरलेलं नाही, त्याच्या हातात चांगलं बफिंग मशीन देणं मला धोक्याचं वाटतं.

विषय आवाक्यात राहावा म्हणून गाड्या दोनच घेतल्या आहेत. एक मद्रासची बुलेट. भारतीय लष्कराने १९५४ मध्ये सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या, त्यातून १९५५ साली एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि इंग्लंडमध्ये बुलेट बंद पडल्यावरही इथे ती बनतच राहिली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी; बॅरल बिडाचं, बाकी इंजिनाचा बहुतेक बाहेरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा. दुसरी म्हैसूरची जावा, २४८.५ सीसीची टू-स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली, जिचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. महाराष्ट्रात जुन्या गाडीच्या नादाला लागलेला माणूस बहुधा या दोघींपैकी एकीच्या पायी लागलेला असतो. जपानी गाड्यांचा उल्लेख जाता जाता येईल. ट्रायम्फ आणि नॉर्टन मी मुद्दाम सोडल्या आहेत. त्यांच्यावर इंग्रजीत भरपूर लिहून झालं आहे, आणि आपल्याकडे त्या ज्यांच्या दारात आहेत त्यांना या पुस्तकाची गरज नसावी.

बुलेटचं मूळ गाव रेडिच. इंग्लंडमधल्या या गावाची खरी ओळख मोटारसायकलींची नव्हती, सुयांची होती. एके काळी जगातल्या सुयांचा मोठा हिस्सा इथून जायचा, आणि ज्या धंद्यातून पुढे रॉयल एनफिल्ड झाली, तो जॉर्ज टाउनसेंड यांचा कारखानाही १८५१ मध्ये रेडिचजवळच्या हंट एंडला सुया बनवण्यासाठीच सुरू झाला होता. गावात फोर्ज मिल नावाची पाणचक्की आहे, आता तिथे संग्रहालय आहे. हजारो सुया जाड कापडावर पसरायच्या, त्यांच्यावर मऊ साबण आणि कुरुंदाची पूड टाकायची, सगळ्याची वळकटी करून घट्ट बांधायची आणि पाण्याच्या जोरावर मागेपुढे सरकणाऱ्या वजनदार फळ्यांखाली ती लाटत ठेवायची. दिवसच्या दिवस. मग सुया धुवायच्या आणि पुन्हा तेच. घासणारी पूड, तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, मागे मऊ कापड आणि वर दाब: आजच्या बफिंगमध्येही याहून पाचवी गोष्ट नाही. तेव्हा रेडिचच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पॉलिश केलेलं झाकण हे मोटारींच्या युगाचं अपत्य कमी आणि सुईवाल्यांचं जास्त, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आता धातूकडे. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विजेची पद्धत १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांना एकमेकांच्या नकळत सापडली, आणि त्यानंतरच या धातूची इंजिनं ओतणं कुणाला परवडायला लागलं. हलकं, उष्णता चटकन वाहून नेणारं, ओतायला सोपं. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक थर बसतो, काही नॅनोमीटर जाडीचा, पण इतका घट्ट की पुढचा धातू त्याच्याखाली सुरक्षित राहतो. लोखंडाचा गंज लोखंड खात सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचा गंज त्याचं पांघरूण होतो. हाच ऑक्साइड निसर्गात खडा होऊन येतो तेव्हा त्याला कुरुंद म्हणतात, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. आणि बफिंगवाल्याच्या हातातली पांढरी वडी असते ना, तिच्यातला घासणारा पदार्थ म्हणजेही हाच ऑक्साइड, मेणचटात कालवलेला. अ‍ॅल्युमिनियम आपल्याच गंजाने घासलं जातं.

पांघरूण फाटतं ते मिठाने. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्यालगत उभी राहिलेली गाडी आणि सोलापूरला उभी राहिलेली गाडी यांची झाकणं शेजारी ठेवून बघा. खाऱ्या हवेतला क्लोराइड त्या पातळ थराला टाचणीएवढ्या जागी भोक पाडतो आणि मग खड्डा आत आत जातो. वर पांढरी भुकटी दिसते, ती पुसली की खाली काळा ठिपका. हा ठिपका पॉलिशने जात नाही. तो घालवायचा तर आजूबाजूचा सगळा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, म्हणजे दोन-चार ठिपक्यांपायी अख्खं झाकण पातळ करायचं. माझं मत स्पष्ट आहे: ठिपके राहू द्यावेत. पन्नास वर्षं रत्नागिरीत राहिलेल्या गाडीवर रत्नागिरीची खूण असली तर बिघडत काही नाही.

चमक म्हणजे नेमकं काय होतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद दोनशे वर्षांहून जास्त चालला. न्यूटनपासून सगळे म्हणायचे, पॉलिश म्हणजे बारीक बारीक ओरखडे, इतके बारीक की डोळ्याला दिसेनासे होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बिल्बी यांनी वेगळंच मांडलं: घासताना पृष्ठभागावरचा धातू पातळ रसासारखा वाहतो आणि खाचा भरून काढतो. १९३७ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवलं की कोण कोणाला पॉलिश करेल हे कठीणपणावर कमी आणि वितळण्याच्या तापमानावर जास्त ठरतं, म्हणजे बिल्बींचं पारडं जड झालं. पुढे लिओनार्ड सॅम्युएल्स यांनी पृष्ठभाग तपासून तपासून पुन्हा जुन्याच मताला बळ दिलं: मुख्य काम कापण्याचंच आहे. कारागिराला या वादाशी काय देणंघेणं? आहे. धातू वाहून खाचा भरत असता, तर बफवर जोर लावून चुका झाकता आल्या असत्या. त्या झाकल्या जात नाहीत. फार तर जोराने घासलेल्या जागी खाचेची कडा लोळते, दोन दिवस बरं दिसतं आणि पहिल्या धुण्यानंतर रेघ परत वर येते.

म्हणून कागद. १२० नंबरच्या पॉलिश पेपरवरचा कण साधारण १२५ मायक्रॉनचा, ४०० चा ३५ च्या आसपास, १२०० चा १५ आणि २००० चा १०. दृश्य प्रकाशाची लहर ०.४ ते ०.७ मायक्रॉनची. ओरखडा कणाएवढा खोल नसतो हे खरं, तरी २००० नंबर मारूनही आपण प्रकाशाच्या मानाने बरेच खडबडीत आहोत हे या आकड्यांतून कळावं. शेवटचं अंतर कापडाचं चाक आणि वडीच कापते. पण आधीचं अंतर चाकावर टाकलं, की चाक कडा खातं. प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा काटकोनात फिरवायची, आधीच्या नंबराची एकही रेघ उरली नाही हे तिरप्या उजेडात बघायचं, आणि मग झाकण, हात आणि पाण्याची बादली तिन्ही धुवून पुढचा कागद घ्यायचा. २२० चा एक कण १००० च्या पाण्यात आला की तासाभराचं काम वाया. इथे घाई करणारे बहुतेक लोक ‘बफवर निघेल’ म्हणतात. निघत नाही, उलट चकाकीत ती रेघ जास्त उठून दिसते.

हे झालं कसं घासायचं. आता काय घासायचं. जुन्या बुलेटवर टायमिंग कव्हर, प्रायमरी चेनकेसचं बाहेरचं झाकण, गिअरबॉक्सचं झाकण आणि रॉकरची दोन झाकणं एवढ्यांना कारखान्यातून पॉलिश असायचं. क्रँककेस नव्हतं पॉलिश केलेलं. ते साच्यातून आलं तसं, दाणेदार आणि करडं. आज प्रदर्शनात जाल तर निम्म्या बुलेटींचं क्रँककेस आरसा झालेलं दिसतं, सिलिंडर हेडच्या फिनसुद्धा कुणी कानकोरण्याने घासल्यासारख्या चमकत असतात. मालकाची मेहनत दिसते आणि कौतुकही वाटतं, पण अशी बुलेट कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडली नव्हती. पॉलिश केलेल्या भागांचीही चमक तेव्हा मऊ होती. कारखान्यातला कामगार एका झाकणावर दिवस घालवत नसे; कडेच्या खाचेत चाकाच्या रेघा राहायच्या, नक्षीच्या खोलगटात करडेपणा उरायचा. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये जी ट्युरिनची सनद मान्य केली, तिचाही कल आधी जपणूक, मग गरजेपुरती दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी पुनर्बांधणी असाच आहे. सनद कुणावर बंधनकारक नाही. आरसा हवा असेल तर आरसा करावा, गाडी तुमची आहे. फक्त त्याला ‘ओरिजिनल’ म्हणू नये.

जावाचं प्रकरण याहून गमतीचं. तिचा गिअरचा दांडा आणि किक एकच. आत दाबून वर फिरवला की किक, नाहीतर गिअर. त्यामुळे डावा बूट सतत डाव्या झाकणाशी झोंबत राहतो. वर्षानुवर्षं चाललेल्या जावाच्या त्या जागी कातड्याने घासून आलेली एक गुळगुळीत चमक असते, जी कुठल्याही वडीने येत नाही. ती बफखाली घालू नका, एवढीच विनंती.

एक जागा अशी आहे की तिथे हौसेचा प्रश्नच येत नाही: इंजिन नंबर. तो क्रँककेसच्या अ‍ॅल्युमिनियमवरच ठोकलेला असतो आणि आरसी बुकातल्या नंबराशी जुळावा लागतो. आरटीओत कागद धरून पेन्सिलने त्याची छाप घेतात. बफिंगवाल्याने भोळेपणाने ती पट्टी गुळगुळीत करून दिली, तर तुमच्या हातात एक सुंदर, नंबर नसलेलं इंजिन उरतं, आणि ते चोरीचं नाही हे सिद्ध करण्याचं काम तुमचं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली दुचाकी-चारचाकी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण वाहन मूळ स्वरूपात असलं पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. नंबरावर आणि त्याच्या भोवती दोन बोटं जागेवर काम सुरू करण्याआधी जाड चिकटपट्टी लावा. झाकण देताना बफिंगवाल्याला तोंडी सांगून भागत नाही. त्याच्यापाशी दिवसाला पन्नास नग येतात.

ओतकामाचे नंबर आणि साच्याच्या खुणा यांनाही हेच लागू. झाकणाच्या आतल्या बाजूला उठावात आलेले ते आकडे वाचता आले, तर झाकण मूळचं की नंतरचं हे कळू शकतं. ते मिटवून मिळतं काहीच नाही, कारण ती बाजू कुणाला दिसतच नाही.

बुलेटचं टायमिंग कव्हर मी मुद्दाम पूर्ण एका प्रकरणात घेतलं आहे. बाहेरून ते एक झाकण. आतून ते इंजिनाचं तेलघर आहे. तेलाचे दोन्ही पंप याच झाकणात बसतात, तेलाचा फिल्टर याच्याच कप्प्यात, आणि इथल्या बारीक वाटांनी तेल क्रँकच्या टोकातून बिग एंडच्या बुशपर्यंत पोचतं. पॉलिशची वडी गरम झाली की चिकट होते, आणि तिच्यातले कुरुंदाचे कण त्या वाटांत जाऊन बसतात. रॉकेलने वरवर धुतलं की झाकण स्वच्छ दिसतं. मग इंजिन सुरू होतं, तेल तापतं, मेणचट वितळतं, कण सुटतात आणि थेट त्या बुशमध्ये जातात, जिच्या मऊ धातूत ते कायमचे रुततात. पॉलिशनंतर काही दिवसांतच इंजिन ठोकायला लागलं, अशी तक्रार ऐकली की मी आधी तेलाच्या वाटा कशा धुतल्या ते विचारतो. पंप, प्लग, स्टड सगळं काढून, प्रत्येक भोक रबराच्या बुचाने बंद करूनच झाकण चाकाला लावायचं. नंतर गरम साबणाच्या पाण्यात बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने वाटा घासायच्या आणि हवा मारायची. ग्लास बीड ब्लास्टिंग केलं असेल तर हे सगळं दोनदा, कारण काचेचे मणी कुठे लपतील सांगता येत नाही. जोडाची सपाट कड आणि पंपाच्या बैठका यांना कापडाचा स्पर्शही होता कामा नये. तिथली कड गोल झाली की कितीही गॅस्केट चिकटवा, तेल गळणार.

पुढच्या काळातली झाकणं प्रेशर डाय-कास्टिंगने, म्हणजे दाबाखाली धातू भरून बनू लागली. अशा ओतकामाचा वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा: तो दाट आणि नितळ, खाली मात्र हवेचे बुडबुडे. खोल ओरखडा काढण्याच्या हट्टाने पापुद्रा उतरवला की खाली सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात, आणि जितकं घासाल तितकी ती वाढतात. मिश्रधातूचाही प्रश्न असतो. एलएम ६ सारख्या ओतकामात सिलिकॉन १० ते १३ टक्के असतं. असा धातू कधीच चांदीसारखा पांढरा होत नाही, त्याच्या चमकेत करडी झाक राहते. ती कारागिराची कुचराई नसते. अशाच ओतकामाला कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून ‘साफ’ करण्याचा सल्ला देणाऱ्यांपासून सावध राहा. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम सरळ खातं, हायड्रोजन सुटतो, आणि बाहेर निघतो काळा, खरबरीत तुकडा.

बफिंगच्या दुकानाबद्दल. ‘भाऊ, किती चमक पाहिजे? आरसा करून देऊ?’ हा प्रश्न तिथे ठरलेला असतो, आणि त्याचं उत्तर घरून ठरवून न्यावं. घरी करणार असाल तर वेगाचं भान ठेवा. २,८०० फेऱ्यांच्या मोटरवर ८ इंची चाकाची कड ताशी शंभराहून जास्त किलोमीटर वेगाने फिरते. नवी असताना साडेतीनशेची बुलेट जेमतेम तेवढी पळायची. नग नेहमी चाकाच्या मध्याच्या खाली, कड खालच्या दिशेला ठेवून धरायचा. वरच्या बाजूला कड अडकली तर झाकण हातातून सुटून जमिनीवर आपटतं, आणि ते नशीब म्हणायचं, कारण दुसरी शक्यता तोंडावर येण्याची असते. सैल बाह्या, गळ्यातला रुमाल, सुती हातमोजे नकोत. नाकावर चांगला मास्क हवा. आणि ज्या मशीनवर लोखंड घासता त्याच मशीनवर अ‍ॅल्युमिनियम घासू नका. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र आला आणि वर ठिणगी पडली, तर काय होतं ते रेल्वेचे रूळ जोडणाऱ्यांना विचारा. थर्मिट वेल्डिंग ते याच मिश्रणाने करतात.

चमक टिकवण्याच्या उपायांवर मतभेद आहेत आणि माझं मत मी लपवलेलं नाही. पारदर्शक लॅकर मला पटत नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या होंडांच्या झाकणांवर कारखान्यातूनच लॅकर असायचं, आणि आज त्यांची दशा बघावी: पिवळेपणा, आणि स्क्रूच्या भोकापासून लॅकरखाली सरपटत गेलेल्या पांढऱ्या रेघा. एकदा ओल आत शिरली की लॅकर तिला बाहेर पडू देत नाही. मेण लावावं, पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावावं, आणि श्रावणात थोडं काळवंडलं तर काळवंडू द्यावं. ब्रासो वर्षातून एकदा पुरे. दर रविवारी घासणाऱ्याच्या झाकणावरची अक्षरं आधी जातात.

क्रोम, रंग आणि पितळ या पुस्तकात नाहीत. कार्ब्युरेटर आहे पण थोडक्यात, कारण त्याची बॉडी बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि ती पॉलिश करण्याच्या भानगडीत पडू नये असंच मी सांगणार आहे. हात बसवायला पुण्याच्या जुन्या बाजारातून एखादं रॉकरचं भंगार झाकण उचलावं. आधी त्यावर सगळे नंबर चालवून बघावेत, टायमिंग कव्हरकडे मग वळावं.

पहिलं प्रकरण पॉलिशचं नाही, स्क्रू काढण्याचं आहे. झाकण सुटल्याशिवाय पुढे काही होत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसलेला पोलादी स्क्रू सहजी सुटत नाही. दोन धातूंच्या मध्ये ओल शिरून तो आतून जखडलेला असतो. चपट्या खाचेच्या या जुन्या स्क्रूंवर साधा स्क्रू ड्रायव्हर घसरला की डोकं जातं, आणि घसरलेलं पातं झाकणावर जी खोल रेघ ओढतं ती काढायला पुढे २२० पासून सुरुवात करावी लागते. तापवलं तर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून आदल्या रात्री भोकांत गंज सोडवणारं तेल, सकाळी आजूबाजूला हॉट एअर गनची ऊब, मग खाचेत नेमका बसणारा बिट लावलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि त्याच्यावर हातोडीचा एक सरळ घाव. स्क्रू निघाले की पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात घातला की ओतकाम आतून फुटतं.